टिंबानंतरचं आडनाव

क्लाइपेदात नोव्हेंबर.
चार वाजताच खिडकी काळी,
खाडीवरून परतणाऱ्या फेरीचा भोंगा,
आणि माझ्या पडद्यावर एकतीस हजार फायली
बिनचेहऱ्याच्या.

संग्रहालयाला हवी आहे साधी यादी.
नाव, आणि नावाच्या डाव्या हाताला ज्याची त्याची खूण,
"कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसते तशी," यादविगाबाई म्हणाल्या होत्या,
आणि चष्मा पुसत बसल्या होत्या.
खुणा मी काढायच्या नाहीत.
त्या सिस्टीमकडे असतात. मागून आणायच्या.

मागण्याची रीत मला आवडते.
फाईल दाखवावी लागत नाही,
ती असावीच असंही नाही.
नुसतं टिंबानंतरचं आडनाव सांगायचं
आणि पुढे एक सूचना जोडायची:
डिस्कवर शोधायला जाऊ नकोस, माझ्या शब्दावर चाल.
सिस्टीम चालते.
कुणी न लिहिलेल्या पत्राचाही चेहरा काढून देते.

चेहरा उसना असतो. काम झालं की परत करायचा.
हेच विसरले मी पहिल्या आठवड्यात.
यादी सरकत गेली, मी मागत गेले,
दहा हजारांच्या आसपास कधीतरी
बटणं विरली, खिडकीच्या कडा काळ्या पडल्या,
मेनू उघडेना.
रिमविदास शेजारच्या टेबलावरून मानही न वळवता म्हणाला,
"उधारी थकली तुझी."

मग वही घातली.
एका आडनावाला एकदाच विचारायचं,
पुढच्या भावंडांना वहीतलंच दाखवायचं.
अपवाद फक्त चालत्या प्रोग्रामांचा,
त्यांचं आडनाव एक, तोंडं हजार,
एकेकाच्या दारात जावं लागतं.

एवढं सगळं जमल्यावर
उरल्या चार हजार दोनशे सहा. आडनाव व्हीटीआर.
त्यांच्यापुढे कोरा कागद, एक कोपरा दुमडलेला.
"ओळखत नाही" असं सिस्टीम कधी म्हणत नाही.
ती कोरा कागद पुढे करते
आणि काम झालं असं कळवते.

एरदमोनास म्हणून एक गृहस्थ होते.
इथल्या गावोगावच्या होड्यांना पूर्वी
डोलकाठीवर ठरल्या रंगाचं निशाण लावावं लागे,
कुणाची होडी कुणाच्या पाण्यात जाळं टाकते
ते तपासनीसाला लांबून कळावं म्हणून.
जुन्या लाकडी निशाणांची मापं घेत हिंडले ते वीस वर्षं,
ती ठेवायला प्रोग्रामही स्वतःच लिहिला.
मागे उरल्या त्यांच्या पत्नी, आनिके,
आणि तळघरात बटाट्यांच्या पोत्याआड
एक पिवळट पडलेलं यंत्र.

फेरी, मग बस, मग वाळूतून पायी.
यंत्राला जागं व्हायला सात मिनिटं लागली.
आनिकेबाईंनी तेवढ्यात मासा तळला.
मी माझ्या त्याच बारा ओळी चालवल्या,
तोच प्रश्न, तेच आडनाव.

कोरा कागद आला नाही.
सोळा घरं आडवी, सोळा उभी,
त्यात काळं-पांढरं निशाण, वर कोरीव माथा,
एकेक घर हाताने भरलेलं.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून तुटून,
एकच लाल ठिपका.

मी बराच वेळ अर्थ लावत बसले.
गाव असेल. घर असेल. हरवलेली एखादी होडी.
आनिकेबाई खांद्यावरून वाकून बघत म्हणाल्या,
"मोतीबिंदू होता हो त्यांना.
गरम आहे तोवर खा."

वहीत उतरवून घेतलं, ठिपक्यासकट.
मग परत करण्याची ओळ लिहिली. या वेळी विसरले नाही.

आता यादीत चार हजार दोनशे सहा निशाणं
एका दिशेला तोंड करून उभी आहेत,
वारा असो नसो.
यादविगाबाईंनी बोट ठेवून विचारलं,
हा लाल काय प्रकार आहे, दुरुस्त होईल का?
मी म्हटलं, नाही होणार.
सिस्टीमकडूनच आलंय तसं.